कँटोनीज बोलणाऱ्या ऑटिस्टिक प्रौढांचं बोलणं आणि व्याकरण : नमुना घ्यायचा कसा, वाचायचा कसा

हाँगकाँगमधल्या एखाद्या ऑटिस्टिक प्रौढाचं बोलणं रेकॉर्ड करून त्याच्या व्याकरणाबद्दल काही म्हणायचं असेल, तर पहिली अडचण कँटोनीजचीच, म्हणजे तिथे बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेचीच येते. इंग्रजीवर बेतलेल्या तपासण्यांत ज्या चुका मोजतात (क्रियापदाचा प्रत्यय गळला, अनेकवचन राहिलं, काळ चुकला) त्यांतली एकही चूक कँटोनीजमध्ये होऊ शकत नाही, कारण हे प्रत्यय त्या भाषेत नाहीतच. उलट बाहेरच्या माणसाला जे गळल्यासारखं वाटतं, म्हणजे कर्ता, कर्म, ‘तो-ती’, ते कुठलाही कँटोनीज माणूस दिवसभर गाळत असतो. म्हणून चुकांची यादी घेऊन बसू नका. आधी या भाषेत चारचौघं कसं बोलतात ते बघा, त्याच कामाला बसवलेल्या दुसऱ्या माणसाचं बोलणं शेजारी ठेवा आणि मगच फरक शोधा. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती आहे.

ही माहिती वाचा-उपचार किंवा भाषाविज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि अशा अभ्यासांचे अहवाल वाचताना अडखळणाऱ्यांसाठीही.

आधी उच्चार कानात बसवा

इथे कँटोनीज शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि शेवटचा आकडा टोनचा, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या सुराचा आहे. हे आकडे ‘ज्युतपिंग’ या रोमन लेखनपद्धतीतले. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने ती १९९३ मध्ये ठरवली. मराठी माणसाला इथे एक मोठा फायदा आहे. कँटोनीजमध्ये क आणि ख, प आणि फ, त आणि थ हे वेगळे उच्चार आहेत, पण ग, ब, द नाहीत. ज्युतपिंगमध्ये यांपैकी महाप्राण नसलेल्यांना रोमन ‘जी’, ‘बी’, ‘डी’ ही अक्षरं दिली आहेत, त्यामुळे रोमन वाचून शिकणारे ‘क’च्या जागी ‘ग’ म्हणत राहतात. आपण देवनागरीत सरळ क लिहिला की काम झालं. ज्युतपिंगमधला ‘झेड’ म्हणजे आपल्या ‘चोर’मधला च. खाली जिथे च दिसेल तिथे तो चोरातला वाचा, चहातला नको.

टोन सहा. सी१ म्हणजे कविता, सी२ इतिहास, सी३ करून बघणं, सी४ वेळ, सी५ बाजार, सी६ काम किंवा बाब. १ उंच सपाट, २ उंच चढता, ३ मधला सपाट, ४ खाली उतरणारा, ५ थोडा चढता, ६ खालचा सपाट. आजच्या हाँगकाँगमध्ये २ आणि ५, ३ आणि ६, ४ आणि ६ या जोड्या काही लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळू लागल्या आहेत. शब्दाच्या सुरुवातीच्या न चा ल होतो (नेइ५ म्हणजे ‘तू’, तो सर्रास लेइ५ असा ऐकू येतो) आणि ङ गळतो (ङो५ ‘मी’चा ओ५). हाँगकाँगमध्ये याला ‘आळशी उच्चार’ म्हणून नावं ठेवतात, पण हा पिढीचा बदल आहे. ऑटिस्टिक बोलणाऱ्याच्या तक्त्यात तो ‘उच्चारदोष’ म्हणून नोंदवला, तर अर्धं शहर त्या तक्त्यात घालावं लागेल.

नावाबद्दलही थोडं. ऑटिझमला चिनीत चि६ पइ३ चिङ३ म्हणतात, म्हणजे ‘स्वतःत बंद होण्याचा आजार’. आपला ‘स्वमग्न’ हा शब्द त्याच वाटेने गेलेला आहे. दोन्ही नावं माणसाच्या मनाबद्दल आधीच निकाल देऊन मोकळी होतात. या लेखात ‘ऑटिस्टिक’ हाच शब्द ठेवला आहे. समोरच्या माणसाला कोणता शब्द चालतो, हे त्याला विचारून घ्या.

कोणाचा नमुना, कोणाशेजारी

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत) ऑटिझमच्या निदानासोबत ‘भाषेची अडचण आहे की नाही’ ही वेगळी नोंद करायला सांगितली आहे, आणि त्याला कारण आहे. काही ऑटिस्टिक प्रौढांचं व्याकरण वयाला साजेसं, अगदी नेटकं असतं. काहींना वाक्यरचनाच अवघड जाते. काही मोजकंच बोलतात, काही बोलतच नाहीत. या सगळ्यांची सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते. म्हणून प्रत्येक माणसाचे आकडे वेगळे ठेवा, आलेखात प्रत्येकाचा ठिपका दिसू द्या.

तुलनेचा माणूस निवडताना वय, लिंग, शिक्षण आणि शब्दांवाचून मोजलेली बुद्धिमत्ता जुळवाच. त्याखेरीज भाषेचा इतिहास जुळवा : घरात कोणती भाषा होती, शाळेचं माध्यम कोणतं, वाढला कुठे. क्वांगचौ, क्वालालंपूर, व्हँकूव्हर इथली कँटोनीज हाँगकाँगच्या कँटोनीजपेक्षा शब्दांत आणि निपातांत (वाक्याला जोडल्या जाणाऱ्या ‘ना’, ‘की’सारख्या छोट्या शब्दांत) वेगळी पडते. काही ऑटिस्टिक मुलं घरच्या भाषेपेक्षा पडद्यावरून पुटोंगह्वा (मँडरिन) किंवा इंग्रजी आधी उचलतात, तेव्हा ‘लहानपणी सर्वांत जास्त काय ऐकलं, काय बघितलं’ हा प्रश्न अर्जात हवाच. कानांची तपासणीही करून घ्या.

मुलांसाठीच्या चाचण्या प्रौढांवर लावू नका. हाँगकाँगची प्रमाणित तोंडी भाषा चाचणी शाळकरी मुलांसाठी बनवलेली आहे. चाळिशीतल्या माणसाला त्यात पूर्ण गुण मिळाले तर काही कळत नाही, आणि कमी मिळाले तर नको तो अर्थ निघतो.

संमती त्या प्रौढाकडूनच घ्यायची. आई सोबत आली असेल तरी कागद त्याच्यासमोर. काय काय करायचं आहे, किती मिनिटं, मध्ये थांबता येईल का, रेकॉर्डिंग कोण ऐकणार, नंतर पुसून टाका म्हटलं तर कधीपर्यंत पुसता येईल, हे सगळं दोन-तीन दिवस आधी लिहून पाठवा. आयत्या वेळी आलेल्या प्रश्नाने बोलणं आखडतं, आणि मग तुम्ही भाषेऐवजी ताण मोजत बसता.

खोली आणि यंत्र

हाँगकाँगमध्ये एसीचा आवाज सगळीकडे असतो. रेकॉर्डिंगच्या वेळेपुरता तो बंद करा, खोली आधी थंड करून ठेवा. ट्यूबलाइटची गुणगुण रेकॉर्डिंगलाही नडते आणि आवाज-उजेडाला हळव्या असलेल्या माणसालाही, तेव्हा टेबललॅम्प बरा. डोक्याला लावायचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून तीन-चार बोटं अंतरावर. तो टोचत असेल तर कॉलरचा लावा, जबरदस्ती नको. दोघांचे आवाज दोन वेगळ्या चॅनेलवर. फाइल वॅव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. आवाजाची सर्वांत उंच उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा.

व्हिडिओ कॉलवरून नमुना घ्यायचा असेल तर गोंगाट दाबण्याची सोय बंद करा. हे बारकं वाटेल, पण कँटोनीजमध्ये याने घात होतो. वाक्याच्या शेवटचे निपात बरेचदा हळू आवाजात येतात आणि यंत्र त्यांनाच गोंगाट समजून कापतं. मग ‘हा माणूस निपात वापरतच नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि दोष असतो सेटिंगचा.

काय बोलायला लावायचं

वाचायला देऊ नका. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. हाँगकाँगमध्ये लिहितात ते प्रमाण चिनी, आणि ते वाचतात कँटोनीज उच्चाराने. त्यात ‘तो’ला खोइ५ ऐवजी था१, ‘आहे’ला हइ६ ऐवजी सी६, ‘नाही’ला म्४ ऐवजी पत१, ‘चा-ची-चे’ला के३ ऐवजी तिक१ येतं. बोलीत ‘मी त्याच्यापेक्षा उंच’ हे ङो५ कोउ१ क्वो३ खोइ५ असं होतं, म्हणजे शब्दशः ‘मी उंच ओलांडून तो’. लिखाणात तो क्रमच वेगळा असतो. वाचून घेतलेला नमुना बोलीच्या व्याकरणाबद्दल काहीही सांगत नाही. पण एखादा माणूस गप्पा मारतानाही था१ आणि सी६ म्हणत असेल, तर ती नोंद मोलाची आहे. आपल्याकडे टपरीवर चहा पिताना ‘मी येत आहे, आपण थांबावे’ म्हणणारा जसा कानाला वेगळा लागतो, तसंच. त्यात व्याकरणाची चूक काहीच नाही, पुस्तकी वळण तेवढं आहे. त्यासाठी वेगळा रकाना ठेवा, चुकांच्या बेरजेत मिसळू नका.

कामं चार प्रकारची द्या, कारण एकट्या गप्पांतून सगळं दिसत नाही. १० ते १५ मिनिटं गप्पा : निम्म्या त्याच्या आवडीच्या विषयावर, निम्म्या साध्यासुध्या विषयावर. आवडीच्या विषयात वाक्यं लांब होतात आणि उपवाक्यं वाढतात, त्यामुळे एकाच विषयावरून मत बनवलं तर ते हमखास चुकतं. दुसरं, शब्द नसलेल्या चित्रांवरून गोष्ट. इथे ऐकणाऱ्याला चित्रं दिसता कामा नयेत आणि ती दिसत नाहीत हे बोलणाऱ्याला ठाऊक हवं. नाहीतर ‘हा’ म्हणून बोट दाखवणं पुरेसं असतं, मग नाव कोण घेईल? तिसरं, वाट सांगणं. शा तिनहून सेंट्रलला एमटीआरने (हाँगकाँगच्या मेट्रोने) कसं जायचं, असं विचारा. मे २०२२ पासून ईस्ट रेल लाइन बंदराखालून थेट अ‍ॅडमिरल्टीपर्यंत जाते, तिथे गाडी बदलून सेंट्रल. उत्तर ठरलेलं असल्यामुळे किती तपशील दिला, काय गाळलं, क्रम कसा लावला हे दोन माणसांत नीट ताडून बघता येतं. चौथं, दोघांनी मिळून करायचं काम : प्रत्येकाकडे थोडा वेगळा नकाशा आणि फरक शोधायचे. यात प्रश्न विचारावेच लागतात. गप्पांमध्ये एकही प्रश्न न विचारणारा माणूस इथे सिक६ म्४ सिक६ धाटणीचे (‘खातो-नाही-खातो?’) प्रश्न व्यवस्थित बनवतो, असं बऱ्याचदा दिसतं.

समोर कोण बसतो यानेही आकडे हलतात. ऑटिस्टिक अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्हीकडून होतो. ऑटिस्टिक नसलेल्यालाही समोरच्याचं बोलणं उमगत नसतं. शक्य असेल तर तेच काम एकदा ऑटिस्टिक जोडीदारासोबत आणि एकदा दुसऱ्यासोबत करून घ्या. फरक पडला तर तो माणसांच्या जोडीचा, एकट्या बोलणाऱ्याचा नव्हे.

लिहून काढताना

एका मिनिटाच्या बोलण्याला निदान १० मिनिटं धरा, टोनसकट लिहायचं तर त्याच्या दुप्पट. एलान किंवा क्लॅन या बोलणं लिहून काढायच्या संगणक-प्रणालीत प्रत्येक वाक्याला चार ओळी ठेवा : चिनी अक्षरं, ज्युतपिंग, शब्दशः अर्थ, मोकळा अर्थ. आपोआप लिहून देणाऱ्या साधनांवर डोळे झाकून विसंबू नका. ती बरेचदा बोलीचं प्रमाण चिनीत रूपांतर करतात : बोलणारा खोइ५ म्हणाला तरी कागदावर था१ चं अक्षर येतं आणि शेवटचा निपात गायब होतो. म्हणजे जे मोजायचं तेच पुसलं जातं.

अडखळणं काढून टाकू नका. चिक१ हइ६ (हुबेहूब आपलं ‘म्हणजे’), को२ को३ (‘ते हे, आपलं ते’), अर्धवट सोडलेली वाक्यं, पुन्हा सुरू केलेली वाक्यं, सगळं खुणा करून ठेवा. वाक्याच्या लांबीत ते धरू नका, पण फाइलमध्ये असू द्या. शब्द शोधायला लागणारा वेळ आणि ऐकणाऱ्याला ‘थांब, बोलतोय’ असं सांगणं या दोन्हींचा माग त्यातूनच लागतो.

एखादं वाक्य पूर्वी कुठेतरी ऐकलेलं, जसंच्या तसं उचललेलं वाटलं (जाहिरातीतलं, स्टेशनवरच्या घोषणेतलं, आईचं) तर त्यावर खूण करा आणि ते तिथे कशासाठी आलं हेही लिहा. होकार द्यायला, विचार करायला वेळ मिळवायला, आठवण सांगायला अशी उसनी वाक्यं वापरली जातात. ती व्याकरणाच्या मोजणीत घेतली तर आकडा फुगतो; अर्थहीन म्हणून टाकली तर माणूस काय म्हणत होता तेच हरवतं.

वाक्य कुठे संपलं हे ठरवायला एक नियम करा आणि तो आधी लिहून ठेवा : एक मुख्य उपवाक्य आणि त्याला लागून असलेली सगळी गौण उपवाक्यं, म्हणजे एक एकक. अशी किमान १०० एककं हवीत, ५० च्या खाली गेलात तर आकडे डगमगतात. कँटोनीजमध्ये ‘शब्द’ कुठे तुटतो यावर तज्ज्ञांतही वाद आहेत, म्हणून लांबी अक्षरांत मोजणं सोपं. दुसऱ्यानेही मोजली तरी तीच येते. एकूण नमुन्यातला पाचवा भाग दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या. निपातांवरचं एकमत वेगळं काढा, कारण गडबड तिथेच असते.

व्याकरण कुठे शोधायचं

वाक्याची सरासरी लांबी प्रौढांत फारसं सांगत नाही. त्याऐवजी एका एककात किती उपवाक्यं आहेत आणि ती कोणत्या प्रकारची आहेत ते मोजा. विशेषण-उपवाक्य कँटोनीजमध्ये नामाच्या आधी येतं, आपल्या ‘मी घेतलेलं पुस्तक’सारखं : ङो५ माइ५ को२ पुन२ श्यू१, शब्दशः ‘मी-घेणं-ते-पुन-पुस्तक’. यात ‘जो-तो’सारखा जोडशब्द नसल्यामुळे इंग्रजी सवयीने शोधणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतं आणि बोलणाऱ्याला विनाकारण ‘साधी वाक्यं बोलतो’ असा शेरा मिळतो.

त्यातला पुन२ म्हणजे वर्गक, आपल्या ‘चार जण’, ‘दहा नग’मधल्या जण-नगाचा भाऊ. आपल्याकडे तो अधूनमधून लागतो, कँटोनीजमध्ये संख्येनंतर आणि ‘हा-तो’नंतर लागतोच. प्राण्याला चेक३, लांबोळक्या वस्तूला थिउ४, पुस्तकाला पुन२, वाहनाला का३, माणसाला को३ आणि अदबीने वइ२. को३ हा सर्वसाधारणही आहे. अडलं की लोक तोच लावतात, तेव्हा तुलनेचा माणूस किती वेळा असं करतो ते बघितल्याशिवाय खूण करू नका.

काम झालं हे सांगायला क्रियापदानंतर चो२, चालू असेल तर कन२, पूर्वी कधीतरी केलेलं असेल तर क्वो३. यम२ चो२ छा४ : चहा प्यालो. पण ‘प्यालो नाही’ म्हणताना मोउ५ यम२ छा४ असंच म्हणतात, तिथे चो२ येतच नाही. नकारात चो२ नाही म्हणून चूक धरणारे तक्ते पाहण्यात येतात. असा तक्ता सरळ बाजूला ठेवा. देण्याच्या वाक्यात वस्तू आधी आणि माणूस नंतर : पेइ२ पुन२ श्यू१ ङो५, ‘दे पुस्तक मला’. वस्तूचं वर्णन लांबलं की हा क्रम उलटतो, तेही चालतं. ‘आधी’ या अर्थाचा सिन१ क्रियापदाच्या नंतर येतो. या जागा क्रमाच्या खऱ्या कसोट्या आहेत, कारण इथे कँटोनीज बोलणाऱ्यांचा कान पक्का असतो.

आता उल्लेखांकडे, आणि इथे सावकाश जा. व्याकरण शाबूत असलेल्या ऑटिस्टिक प्रौढाच्या बोलण्यात फरक सापडलाच, तर तो बहुधा इथे सापडतो, जिथे व्याकरणाला ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय आहे याचा अंदाज लागतो. दाखवण्यापुरत्या बनवलेल्या तीन ओळी घेऊ.

यउ५ को३ नाम४-यन२ लाइ१ च्यू६ चेक३ कउ२. (एक माणूस कुत्र्याला धरून आहे.)
चेक३ कउ२ सिक६ चो२ थिउ४ यू२. (कुत्र्याने मासा खाल्ला.)
खोइ५ होउ२ नउ१. (तो फार चिडला.)

पहिल्या ओळीत यउ५ (‘आहे’) लावून माणसाला गोष्टीत आणलं, ही नव्या पात्राची रीत. दुसऱ्या ओळीत कुत्र्याआधी ‘तो’ नाही, संख्या नाही, नुसता वर्गक आहे. चेक३ कउ२ म्हणजे ‘ते मघाचंच कुत्रं’, क्रियापदाच्या आधी वर्गक एकटा आला की नाम ओळखीचं होतं. इथे काही गळलेलं नाही. ‘मासा’ मात्र क्रियापदानंतर आला आहे, आणि तिथे नुसता वर्गक ‘एक मासा’ही सांगतो आणि ‘तो मासा’ही, तेव्हा तो चूक धरू नका. चित्र बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आहे, ऐकणाऱ्याच्या नाही, आणि ही फट खरी दिसते ती पुढच्या ओळीत. तिसऱ्या ओळीत खोइ५ : चिडला कोण? मराठीत ‘तो चिडला’ आणि ‘ते चिडलं’ यांत लिंगाने निकाल लागला असता. खोइ५ला लिंग नाही, तो माणूसही असेल आणि कुत्रंही. चारचौघं कदाचित खोइ५ही गाळून नुसतं होउ२ नउ१ म्हणतील आणि ऐकणारा संदर्भाने समजून घेईल. म्हणून गाळलं की ठेवलं यावर गुण देऊ नका. चित्रं न पाहिलेल्या दोघा जाणकारांना, बोलणारा कोणत्या गटातला हे न सांगता, विचारा : ‘इथे कोण चिडलं?’ दोघांचं उत्तर एक आणि बरोबर आलं तर उल्लेख पोचला.

प्रत्येक उल्लेखाला दोन खुणा पुरतात. पात्र नवं आहे, चालू आहे की मध्ये खंड पडून परत आलंय, ही पहिली. रूप कोणतं, ही दुसरी : शून्य (म्हणजे गाळलेलं), खोइ५, वर्गक आणि नाम, ‘को२’सह (‘तो-ती-ते’सह) वर्गक आणि नाम, की नुसतं नाम. खंड पडून परत आलेल्या पात्रांवर नजर ठेवा. काही जण तिथे शून्य वापरून ऐकणाऱ्याला वाऱ्यावर सोडतात. काही उलट दर वेळी पूर्ण नाव घेतात, ‘तो लाल टोपीवाला माणूस’, ‘तो लाल टोपीवाला माणूस’. दोन्ही टोकं एकाच सरासरीत बुडतात, म्हणून वेगळी मोजा.

शेवटचे निपात

कँटोनीजमध्ये वाक्याच्या शेवटी लागणारे निपात ३० च्या आसपास आणि त्यांच्या जोड्या त्याहून पुष्कळ. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘येतो ना’, ‘येतो की’, ‘येतो हं’, ‘येतो म्हणे’ यांतला फरक आपण श्वास घेतल्यासारखा वापरतो. लोक६ यू५ म्हणजे ‘पाऊस पडतोय’. आता बघा : लोक६ यू५ ला३, पाऊस आला बरं का. लोक६ यू५ क्वा३, पाऊस असेल बहुतेक. लोक६ यू५ मे१, पाऊस पडतोय की काय? लोक६ यू५ लो१, पाऊस पडतोय ना, म्हणून तर! लोक६ यू५ वो३, अरे, पाऊस पडतोय! आणि लोक६ यू५ वो५, पाऊस पडतोय म्हणे.

शेवटच्या दोघांत फक्त टोनचा फरक आहे. वो३ स्वतःला जाणवलेलं सांगतो, वो५ दुसऱ्याकडून ऐकलेलं. लिहून काढणाऱ्याने टोन चुकवला तर बोलणाऱ्याने ‘कोण म्हणालं हे नीट सांगितलं नाही’ असा ठपका येतो. म्हणून निपातांसाठी फाइल एकदा वेगळी, फक्त वाक्यांचे शेवट ऐकत तपासा.

मोजताना दर १०० एककांमागे किती निपात, किती प्रकारचे, आणि तिथे शोभतो का, हे तीन आकडे वेगळे ठेवा. कुठलाही निपात व्याकरणाने सक्तीचा नाही. नसला की वाक्य तुटक वाटतं, चुकीचं नव्हे. अनोळखी माणसाला गोष्ट सांगताना सगळ्यांचेच निपात कमी होतात, बातम्या वाचल्यासारखं बोलणं होतं. तेव्हा एकाच्या गप्पा आणि दुसऱ्याची गोष्ट अशी तुलना कधीच करू नका. साधारण वापराचा अंदाज घ्यायला हाँगकाँग कँटोनीज कॉर्पस (बोलण्याच्या नमुन्यांचा संग्रह) मोकळा उपलब्ध आहे : १९९७-९८ मधल्या गप्पा आणि रेडिओवरचं बोलणं, सुमारे २,३०,००० शब्द. पण ती पाव शतकापूर्वीची माणसं आहेत. आजच्या पंचविशीतल्या बोलणाऱ्याला त्या मापाने मोजू नका.

सूर मोजताना

‘ऑटिस्टिक माणसं सपाट बोलतात’ हे डोक्यातून काढून टाका. वेगवेगळ्या भाषांतल्या मोजण्यांत त्यांच्या सुराचा पल्ला सरासरीने मोठाच आढळला आहे. कँटोनीजमध्ये तर सूर आधीच शब्दांच्या कामाला लावलेला असतो. प्राट या आवाज मोजायच्या संगणक-प्रणालीत सुराची मर्यादा पुरुषांसाठी ७५ ते ३००, स्त्रियांसाठी १०० ते ५०० हर्ट्झ ठेवून सुरुवात करा, मग त्या माणसाच्या आवाजानुसार जुळवा. टोन ४ ला आवाज बरेचदा चरचरतो आणि यंत्र एकदम निम्मा किंवा दुप्पट आकडा देतं, तिथे हाताने दुरुस्ती लागते. हर्ट्झचे सेमिटोन (संगीतातले अर्धस्वर) करा, नाहीतर उंच आवाजाची माणसं उगाच ‘चढउतारवाली’ ठरतात.

मोठी फसगत पुढेच आहे. नुसत्या सुराच्या प्रमाण विचलनावर निष्कर्ष काढला, तर ज्याच्या बोलण्यात योगायोगाने टोन १ आणि टोन ४ चे शब्द जास्त आले त्याचा पल्ला मोठा दिसतो. म्हणून टोनवार गट पाडा : टोन १ ची अक्षरं टोन १ शीच ताडा. वाक्याचं शेवटचं अक्षर आणि निपात या मोजणीतून बाहेर ठेवा, कारण प्रश्नात शेवटचा सूर वर ओढला जातो आणि मूळ टोन झाकोळतो. शब्दांचे टोन व्यवस्थित आणि वाक्याचा सूर मात्र वेगळा, असं एकाच माणसात असू शकतं. दोघांचे निकाल वेगळे लिहा.

निकाल मांडण्याआधी

लिहून काढलेला नमुना त्या माणसाला दाखवा. ‘तू इथे चुकलास’ असं म्हणू नका; ‘इथे हा लो१ आलाय, तो कशासाठी होता?’ असं विचारा. पुष्कळ ऑटिस्टिक प्रौढ आपल्या बोलण्याबद्दल फार नेमकं सांगतात : इथे मी मुद्दाम निपात टाळला, कारण लाडात बोलल्यासारखं वाटतं, इथे पूर्ण नाव घेतलं, कारण मागे एकदा घोळ झाला होता. हे उत्तर त्या ओळीखालीच, वेगळ्या रंगात टिपून ठेवा, आणि मोजणीत ती जागा ‘न शोभणारी’ धरली असेल तर खूण बदलायची की नाही हे दुसऱ्या जाणकाराबरोबर बसून ठरवा.